इतिहासाचा कंटाळा का येतो?



शाळेच्या वेळापत्रकात इतिहासाचा तास बहुधा मधल्या सुटीनंतर येतो. गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांना सकाळचे ताजे तास मिळतात. डबे खाऊन झाल्यावर आणि डोळे जड झाल्यावर जे उरते, ते इतिहासाच्या वाट्याला जाते. ही व्यवस्था कोणी दुष्टपणाने केली आहे असे नाही. तथापि जी गोष्ट आपण तोंडाने बोलत नाही, ती हे वेळापत्रक बोलून दाखवते. इतिहास शिकवला पाहिजे म्हणून शिकवायचा, आणि उत्तीर्ण झाले पाहिजे म्हणून शिकायचा, असा एक अलिखित करार शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यात झालेला आहे. या कराराची मीही एक भागीदार आहे, म्हणून प्रस्तुत लेखात तुम्हांला उपदेश करण्याचा माझा विचार नाही. तुमच्या कंटाळ्याचे कारण काय, आणि त्यात दोष कोणाचा किती, याचा सरळ हिशेब मांडावा, एवढाच हेतू आहे.

गेल्या वर्षी एका वर्गात मी कोरे कागद वाटले आणि नाव न घालता इतिहासाविषयी मनातले लिहून द्यावयास सांगितले. एकाने लिहिले की, मेलेल्या माणसांच्या तारखा पाठ करून जिवंत माणसाचे कोणते काम होते ते समजत नाही. दुसऱ्याने लिहिले की, हा विषय सोपा आहे, कारण यात समजून घ्यावे लागत नाही, फक्त लक्षात ठेवावे लागते. तिसऱ्याने मोठ्या अक्षरांत लिहिले की, आपल्या पूर्वजांचा पराक्रम वाचताना ऊर भरून येतो, मात्र पराभवाचे धडे पुस्तकातून काढून टाकावेत. बाकीचे बहुतेक कागद या तीन मतांपैकी कोणत्या ना कोणत्या मताचे होते.

पहिले मत त्राग्याचे, दुसरे हुशारीचे आणि तिसरे भक्तीचे. या तिघांत मला सर्वांत कमी चिंता पहिल्याची वाटते. जो विचारतो की याचा उपयोग काय, त्याने निदान प्रश्न तरी विचारला आहे, आणि प्रश्नापासूनच इतिहासाचा आरंभ होतो. दुसऱ्याची अधिक चिंता वाटते, कारण त्याला गुण चांगले मिळतात आणि त्यामुळे आपले काही हरवले आहे हे त्याला कधी कळतच नाही. सर्वांत अधिक चिंता तिसऱ्याची वाटते. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

प्रथम माझ्याविषयी दोन शब्द. माझी मातृभाषा कोकणी. माझे बालपण गोमंतकात गेले. इतिहास मी प्रथम पुस्तकात वाचला नाही, आजीच्या तोंडून ऐकला. आमचा कुलदेव मंगेश. तो आज फोंडे महालात प्रियोळ येथे आहे. त्याचे मूळ स्थान मात्र झुआरी नदीच्या पलीकडे, कुशस्थळी म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला होते. पोर्तुगीज अमदानीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० मध्ये भक्तांनी देव रातोरात नदीपार नेला. आजी एवढेच म्हणे, ‘आमचो देव पलतडीं गेलो.’ का गेला, कोणाच्या भयाने गेला, मागे राहिलेल्या माणसांचे काय झाले, हे प्रश्न मी तिला विचारीत असे. तिला सगळी उत्तरे ठाऊक नव्हती. ती शोधावीत म्हणून मी महाविद्यालयात इतिहास घेतला. त्या वेळी नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी, ‘इतिहास घेऊन पुढे काय करणार?’ असे विचारले होतेच. म्हणजे तुमच्या वर्गात जो प्रश्न आहे, तो माझ्या घरीही होता.

पुढे लग्नानंतर मी ग्वाल्हेरला आले आणि थाटीपूरला राहू लागले. आपण परक्या प्रांतात आलो असे आरंभी वाटत असे. मग एके दिवशी वाचनात आले की, मंगेशी हे गाव १७३९ मध्ये पेशव्यांनी देवस्थानास इनाम दिले, आणि ते देवविणारे रामचंद्र मल्हार सुखटणकर हे शिंद्यांचे दिवाण होते. महादजी शिंद्यांचे थोर सेनानी जिवबादादा बक्षी हे गोमंतकातील केरी गावचे. माझ्या मुलखातील माणसे अडीचशे वर्षांपूर्वी शिंद्यांच्या चाकरीत उत्तरेत वावरत होती, हे कळले तेव्हा या गावाशी माझे नाते जुळले. इतिहासाचा उपयोग काय, या प्रश्नाला माझ्यापुरते हे एक उत्तर आहे. आपण जेथे उभे आहोत तेथे कसे येऊन पोहोचलो, हे तो सांगतो.

आता तुमच्याकडे वळते. सालबाईचा तह तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. १७ मे १७८२. पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपले. साष्टी इंग्रजांकडे राहिली. रघुनाथरावांना पेन्शन मिळाली. पाच गुणांचे उत्तर पुरे झाले. पण सालबाई कोठे आहे, असे विचारले तेव्हा एकाने बंगालमध्ये म्हटले, एकाने पुण्याजवळ म्हटले. सालबाई हे आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यातीलच एक गाव आहे! युद्ध पेशव्यांचे आणि कंपनी सरकारचे. मग तह येथे का व्हावा? कारण तो घडवून आणणारे आणि दोन्ही पक्षांना जामीन राहणारे महादजी शिंदे या भागात होते. आणि ते या भागात का होते? कारण १७८० च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या फौजेने रात्रीच्या वेळी कड्यावरून चढून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता आणि उत्तरेतील शिंद्यांचे आसन डळमळले होते. पाहा, एका गावाचे स्थान विचारताच तारखेच्या मागे कारणांची केवढी रांग उभी राहिली. तारीख पाठ करू नये असे मी म्हणत नाही. तारीख ही खुंटी आहे. खुंटीवाचून कपडा टांगता येत नाही हे खरे. परंतु आम्ही शिक्षक तुमच्या हाती नुसत्या खुंट्या देतो आणि कपडा मात्र दाखवीत नाही. तुमच्या कंटाळ्यातला आमचा वाटा तो हा.

आणखी एक उदाहरण घ्या. किल्ल्यावर जाणाऱ्या पूर्वेकडील वाटेवर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. सहलीत तुम्ही त्याच्यासमोरून धावत पुढे गेलात. त्या मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांबीची जमीन दिली आणि रोज ५० हार मिळावेत अशी व्यवस्था केली, असा त्यातला मजकूर आहे. मजकूर साधाच आहे. परंतु २७० आणि ५० हे आकडे लिहिताना आपण आज काढतो तसे वाटोळे शून्य तेथे कोरलेले आहे. शून्याच्या अशा वापराच्या जगातील जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते आणि दूरदेशींचे गणितज्ञ ते पाहावयास मुद्दाम येतात. गणिताच्या ताज्या तासाला जे शून्य तुम्ही लिहिता, त्याची एक जुनी खूण आपल्या गावात आहे, आणि ती राजाच्या विजयाच्या लेखात नसून माळ्यांच्या हारांच्या हिशेबात आहे. इतिहास म्हणजे फक्त राजे आणि लढाया, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी हा लेख अवश्य पाहावा.

आता मी माझ्या अपराधाकडे येते. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात मी १८५७ चा उठाव शिकवीत होते. झाशीच्या राणीचे ग्वाल्हेरला येणे आणि येथे धारातीर्थी पडणे, इथवर आम्ही पोहोचलो होतो. वर्ग त्या दिवशी जागा होता. फुलबागेतली राणीची समाधी प्रत्येकाने पाहिलेली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘बाई, राणी मराठी, तात्या टोपे मराठी, रावसाहेब पेशवे मराठी, आणि ज्यांच्याशी त्यांची लढाई झाली ते जयाजीराव शिंदे आणि त्यांचे दिवाण दिनकरराव तेही मराठी. मग आपण कोणत्या बाजूचे?’

वर्गात हालचाल झाली. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा संस्थानच्या नोकरीत होते अशा घरांतील मुले त्या वर्गात होती, आणि राणीचे चित्र देवघराशेजारी लावलेले असते अशा घरांतीलही होती. एकमेकांकडे पाहणे सुरू झाले. मी भ्याले. कोणाच्या घरून काय निरोप येईल, हा विचार माझ्या मनात प्रथम आला. मी म्हटले, ‘हे परीक्षेला यायचे नाही. पुढे चला.’ तो मुलगा खाली बसला. त्यानंतर त्याने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. आता तो दहावीत आहे. इतिहासात त्याला गुण उत्तम मिळतात, कारण त्यालाही आता खुंट्या मोजता येतात.

विद्यार्थ्यांना इतिहासाची अनास्था आहे असे आम्ही म्हणतो, तेव्हा ती अनास्था कित्येकदा आम्हीच निर्माण केलेली असते, हे या प्रसंगावरून मला कळले. त्या मुलाचे उत्तर माझ्याकडे दोन वर्षे थकलेले आहे. ते आज येथे देते.

जे घडले ते असे. कालपीचा पाडाव झाल्यावर राणी लक्ष्मीबाई, रावसाहेब आणि तात्या टोपे ग्वाल्हेरवर आले. १ जून १८५८ रोजी जयाजीराव मुरारजवळ त्यांच्यावर चालून गेले. पण त्यांच्याच सैन्याचा बहुतेक भाग समोरच्या पक्षाला मिळाला आणि जयाजीरावांना आग्र्याकडे जावे लागले. त्याच महिन्याच्या मध्यावर इंग्रज सेनापती ह्यू रोझ मुरारला पोहोचला. कोटा-की-सराय येथील लढाईत राणी पडली. तो दिवस काही साधनांत १७ जून आहे, तर काहींत १८ जून. २० जूनपर्यंत शहर आणि किल्ला दोन्ही इंग्रजांच्या हाती गेले होते.

जयाजीराव तेव्हा ऐन तारुण्यात होते, चोविशीच्या आसपास. त्यांनी असे का केले, याचे उत्तर ‘भित्रे’ किंवा ‘शहाणे’ अशा एका शब्दात देता येत नाही. त्यापूर्वी पंधराच वर्षे, २९ डिसेंबर १८४३ रोजी, ग्वाल्हेरच्या सैन्याने महाराजपूर आणि पनिहार या दोन ठिकाणी एकाच दिवशी इंग्रजांशी लढाई दिली होती आणि दोन्ही ठिकाणी पराभव झाला होता. त्यानंतरच्या तहाने संस्थानाचे सैन्य मर्यादित झाले आणि कारभारावर इंग्रजांचा पहारा बसला. जयाजीराव त्या वेळी दत्तक घेतलेले लहान मूल होते. ज्या राज्याने पराभव इतक्या जवळून पाहिला, त्याच्या धन्याने पुन्हा तो जुगार खेळू नये असे त्याला व त्याच्या दिवाणाला वाटले. हे कारण आहे, समर्थन नव्हे. आणि जी निष्ठा त्यांनी दाखवली तिचे मोलही ध्यानात घ्या. त्यांचा स्वतःचा किल्ला आणि मुरारची छावणी त्यांच्या घराण्याला परत मिळाली ती १८८६ मध्ये, झाशी शहर इंग्रजांना देऊन.

माझे स्वतःचे मत राणीच्या बाजूचे आहे. संस्थान खालसा झाले, दत्तकाचा हक्क नाकारला गेला, झाशी लुटली गेली, आणि तरीही ती शेवटपर्यंत लढली. माझे मन तिच्यापुढे नमते. परंतु जयाजीरावांचा तुम्ही द्वेष करावा असे मी सांगणार नाही, आणि संस्थानच्या नोकरीत असलेल्या तुमच्या पणजोबांची लाज बाळगावी असे तर मुळीच सांगणार नाही. पणजोबांच्या निवडीचे पाप किंवा पुण्य पणतवंडांच्या खात्यात जमा होत नसते. तुमचे मत माझ्याहून निराळे असेल तर ते अवश्य मांडा. अट एवढीच की, ते कशाच्या आधारे बनले हे तुम्हांला सांगता आले पाहिजे.

त्या तिसऱ्या, भक्तीच्या मताची चिंता मला का वाटते, ते येथे स्पष्ट व्हावे. पराभवाचे धडे काढून टाका, असे जो म्हणतो त्याला इतिहास नको आहे, त्याला आरसा हवा आहे, आणि तोही चेहरा सुंदर दाखवणारा. पण पराभवाचा अभ्यास आपल्याकडे कमीपणाचा मानलेला नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे तपासली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंड सिद्ध केले. त्यांतला १८९८ मध्ये निघालेला पहिला खंड कोणत्या काळाचा आहे? १७५० ते १७६१ चा; ज्याच्या अखेरीस पानिपत आहे त्या काळाचा. मराठ्यांच्या सर्वांत मोठ्या पराभवाची पत्रे त्यांनी सर्वांत आधी लोकांपुढे ठेवली. ते त्यांनी स्वाभिमानाच्या अभावी केले असे कोण म्हणेल? बाहेरच्या जगातही पाहा. जर्मनी आणि फ्रान्स ही राष्ट्रे सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांशी लढली. त्याच दोन राष्ट्रांतील विद्वानांनी एकत्र बसून दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचे सामाईक पाठ्यपुस्तक तयार केले. त्याचा पहिला भाग २००६ मध्ये निघाला. इतिहासावरून भांडणे लागतात म्हणून तो शिकवू नये, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. भांडणे न शिकल्याने लागतात. निदान अर्धवट शिकल्याने तरी लागतातच.

मग शिकावे कसे? फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. आपल्या थाटीपूरचेच नाव घ्या. हे नाव कसे पडले, असे विचारले की मोठी माणसे सांगतात: येथे पूर्वी संस्थानच्या सैन्याची चौतीस क्रमांकाची पलटण होती, इंग्रजीतल्या चौतीसचे, म्हणजे ‘थर्टी फोर’चे, लोकांच्या तोंडी थाटीपूर झाले. गोष्ट मजेदार आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी येथे थांबत नाही. तो विचारतो: ही पलटण येथे केव्हा आली? तिच्या येण्यापूर्वीच्या एखाद्या नकाशात, महसुलाच्या कागदात किंवा पत्रात हेच नाव आढळते काय? आढळले तर गोष्ट कोसळली. नाही आढळले तर तिला थोडे बळ आले, सिद्ध मात्र झाली नाही. सांगणारा कोण, त्याला कोणी सांगितले, तो त्या वेळी तेथे होता काय, आणि असे सांगण्यात त्याचा काही लाभ आहे काय, हे चार प्रश्न ज्याला विचारता येतात त्याला इतिहास येतो. त्याने बी.ए.ला इतिहास घेतला काय आणि न घेतला काय! तो उद्या वैद्य होईल, अभियंता होईल, दुकान चालवील. परंतु भ्रमणध्वनीवर रोज येणाऱ्या शेकडो खऱ्याखोट्या मजकुरांपैकी कोणता पुढे पाठवावा आणि कोणता पुसून टाकावा, हे त्याला कळेल. पहिल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला माझे दुसरे उत्तर हे आहे.

पालकांनाही एक विनंती. ‘इतिहासाचे काय, आदल्या रात्री वाचला तरी चालतो’ हे वाक्य मुलांसमोर उच्चारू नये. ग्वाल्हेरमधील पुष्कळ मराठी घराण्यांत आज हिंदी ही बाहेरची आणि मराठी ही घरची भाषा आहे. हळूहळू मोडी लिपी वाचणारे गेले. जुन्या पेट्यांतल्या कागदांना वाळवी लागली. काही घरे विकली गेली तेव्हा ते कागद रद्दीत गेले. विष्णुभट गोडसे नावाचा कोकणातला एक सामान्य भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला, उठावात सापडला, झाशीच्या वेढ्यात राहिला आणि घरी परतल्यावर पुढे त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले. १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने ते छापले गेले, म्हणून एका साध्या मराठी माणसाच्या डोळ्यांनी आपल्याला ती झाशी आज पाहता येते. तुमच्या घरातील आजोबा-आजींनीही काही पाहिलेले आहे. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, त्यानंतर घराघरांत काय बदलले, हे त्यांनी त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले आहे. ते मुलांना सांगा, आणि मुलांनी ते वहीत उतरवावे, सांगणाऱ्याचे नाव व दिनांक घालून.

या वर्षी आठवीच्या वर्गाला मी तीन कामे देणार आहे: सालबाईला एक सहल, थाटीपूरच्या नावाचा शोध, आणि घरातील एका वडीलधाऱ्या माणसाची लिहून घेतलेली हकीकत. गुण त्याला मिळणार नाहीत. तसे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवले आहे. किती जण ते करतात हे मला पाहावयाचे आहे.

आणि दहावीतल्या त्या विद्यार्थ्यास हे सांगावयाचे आहे की, तुझा प्रश्न योग्य होता; चुकले ते तुझ्या शिक्षिकेचे. हा अंक तुझ्या हाती पडेल तेव्हा परीक्षा जवळ आलेली असेल. ती होऊ दे. त्यानंतर एकदा येऊन भेट. माझे उत्तर तू वाचले आहेस. तुझे उत्तर मला अजून ऐकावयाचे आहे.